सातपुड्यात सॅलमँडर नाही, आणि का नाही

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत मेळघाटातल्या पावसाळी सहलींवरचा लेख वाचला. सहलीची माहिती चांगली आहे. तक्रार आहे ती शेवटच्या चौकटीबद्दल. तिथे एका छायाचित्राखाली ‘चिखलदऱ्याच्या थंड झऱ्यात आढळलेला सॅलमँडर’ अशी ओळ छापली आहे आणि शेजारी ‘हा सरडा थंड पाण्यात राहतो, पूर्ण निरुपद्रवी असतो आणि घरच्या फिशटँकमध्येही सहज रमतो’ असे वाक्य आहे. सॅलमँडर सरडा नव्हेच; तो बेडकासारखा उभयचर, पण मोठेपणीही शेपटी असलेला प्राणी. या वाक्यातला ‘थंड पाण्यात’ एवढाच भाग बरोबर आहे, तोही खऱ्या सॅलमँडरपुरता. छायाचित्रातला प्राणी साधी सापसुरळी आहे, जिला आपण सापाची मावशीही म्हणतो. पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती. पण नुसत्या दुरुस्तीने भागणार नाही, कारण चौकट वाचून कोणी ओढ्यातले दगड उलथत बसेल, तर कोणी ऑनलाइन प्राणी मागवेल. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

छायाचित्र मोठे करून पाहिले तर अंगावर एकावर एक बसलेले तुकतुकीत खवले स्पष्ट दिसतात. सॅलमँडरच्या अंगावर खवले नसतात. त्याची कातडी उघडी, ओली आणि बुळबुळीत असते. छायाचित्रात डोळ्यामागे कानाचे छिद्र आहे. सॅलमँडरला बाहेरून दिसणारा कान नसतोच. तिसरी खूण पुढच्या पायाची. सापसुरळीला तिथे पाच बोटे आणि प्रत्येक बोटाला नखी, तर सॅलमँडरला पुढे चारच बोटे (मागे बहुधा पाच) आणि बोटांची टोके मऊ. नखांबाबत एक अपवाद आहे. जपान आणि कोरियातल्या डोंगरी ओढ्यांत राहणाऱ्या एका गटाच्या बोटांना काळी, शिंगासारखी टणक टोके असतात. पण कान नसणे आणि पुढे चार बोटे असणे या दोन खुणा तिथेही चुकत नाहीत. पापणीवरून मात्र ओळखायला जाऊ नये. ‘पालीला पापणी नसते’ हे पाठ्यपुस्तकातले वाक्य सातपुड्यातच खोटे ठरते. २०१४ साली स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदली गेलेली इथली जाड शेपटीची, पट्ट्यापट्ट्यांची पाल डोळे चक्क मिटते. तिला विषारी समजून लोक मारतात, ती आणखी एक वेगळीच तक्रार.

पावसाळ्यात डबक्यांत शेपटी आणि पाय दोन्ही असलेले जीव दिसतात, तेही बेडकाचेच. बेडकाच्या टॅडपोलला आधी मागचे पाय दिसू लागतात, सॅलमँडरच्या पिल्लाला आधी पुढचे. टॅडपोलचे बाहेरचे कल्ले पहिल्या काही दिवसांतच कातडीखाली झाकले जातात. सॅलमँडरच्या पिल्लाच्या मानेशी दोन्ही बाजूंना पिसांसारखे तीन-तीन कल्ले महिनोन्‌महिने, काहींत वर्षानुवर्षे बाहेरच राहतात. आपल्याकडचे बहुतेक टॅडपोल शेवाळ खरवडून खातात. सॅलमँडरचे पिल्लू पहिल्यापासून शिकारी असते.

ओळखण्यात गफलत होण्याची परंपरा जुनी आहे, एवढा दिलासा पुरवणीच्या संपादकांना देता येईल. १७२६ साली योहान शॉइख्त्सर या स्विस विद्वानाने एक जीवाश्म ‘महाप्रलयात बुडालेल्या माणसाचा सांगाडा’ म्हणून जाहीर केला. १८११ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिए यांनी त्यावरचा दगड कोरून पुढचे पाय मोकळे केले, तेव्हा तो प्रचंड आकाराचा सॅलमँडर निघाला. त्या जीवाश्माचे जिवंत नातेवाईक आजही चीन आणि जपानच्या ओढ्यांत आहेत. त्यांच्याकडे पुढे येऊच.

भारतात सॅलमँडर नाहीच असे नाही. दार्जिलिंगच्या डोंगरात आणि शेजारच्या पूर्व नेपाळात तो आहे. मणिपुरातूनही नोंद झाली आहे. दार्जिलिंग जिल्ह्यात सुखियापोखरीजवळ जोरेपोखरी इथे त्याच्यासाठी १९८५ पासून छोटे अभयारण्य आहे. तपकिरी रंगाचा, दोन्ही कुशींवर गाठींची रांग असलेला हा वीतभर प्राणी पावसाळ्यात तळ्यात उतरतो, पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो आणि हिवाळा दगड-ओंडक्यांखाली काढतो. नागपूरकर दार्जिलिंगला मे महिन्यात जातात, त्यामुळे फार जणांना तो दिसत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे. पण हा तळ्यातला प्राणी आहे, खळाळत्या ओढ्यातला नव्हे. आपल्या लेखात ज्या थंड झऱ्याचे वर्णन आहे, तशा पाण्यातले सॅलमँडर पाहायचे तर अफगाणिस्तानातले पघमान डोंगर, जपान, चीन, पिरेनीज किंवा अमेरिकेतले ॲपलेशियन गाठावे लागतात. पघमानचा सॅलमँडर तर वितळत्या बर्फाच्या, शून्य ते १४ अंश सेल्सिअसच्या ओढ्यांतच सापडतो.

मग चिखलदऱ्याला का नाही? ते तर थंड हवेचे ठिकाण, अकराशे मीटरवर. इथेच लेखकाची गल्लत झाली असावी. जपानी महाकाय सॅलमँडरचे बहुतेक ओढे हजार मीटरच्या खालीच आहेत, काही तर नागपूर ज्या तीनशे मीटरवर आहे त्याच उंचीवर. प्रश्न उंचीचा नाही. पाणी बारा महिने वाहते का आणि ऐन उन्हाळ्यात ते किती तापते, याचा आहे. सातपुड्यातले बहुतेक ओढे मार्चनंतर तुटतात आणि उरलेल्या उथळ डोहांत मेच्या उन्हाने पाणी कोमट होते.

कोमट पाण्यात काय बिघडते, याचा हिशेब सोपा आहे. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळून राहू शकतो. २० अंशांना हा आकडा ९.१ वर येतो आणि ३० अंशांना ७.६ वर. म्हणजे १० चे पाणी ३० वर गेले की साठा एक-तृतीयांशाने घटतो. त्याच वेळी थंड रक्ताच्या प्राण्याची ऑक्सिजनची गरज दर १० अंशांमागे दुप्पट, कधी त्याहूनही जास्त होते. वीस अंशांत गरज चौपट आणि साठा दोन-तृतीयांश. मासा तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून जोरात ढकलतो आणि काही काळ निभावून नेतो. जो प्राणी अंगाच्या कातडीनेच श्वास घेतो त्याच्याकडे असा पंप नाही. पाण्यानेच त्याच्या अंगावरून वाहायला हवे. उंचीचा उलटा तोटाही लक्षात घ्यावा. दोन हजार मीटरवर हवेचा दाब सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी असतो, त्यामुळे तिथे १० अंशांच्या पाण्यातही ऑक्सिजन नऊ मिलिग्रॅमच्या आसपासच राहतो. उंच ओढ्यात प्राणी टिकतो तो गारव्याने आणि दगडांवर आपटून पाण्यात पुन्हा पुन्हा हवा मिसळते म्हणून.

‘कातडीने श्वास’ हे शब्दशः घ्यावे. अमेरिकेतला हेलबेंडर हा ओढ्यातला मोठा, चपटा सॅलमँडर नव्वद टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन कातडीतून घेतो. त्याच्या दोन्ही कुशींना झालरीसारख्या सैल घड्या असतात आणि रक्ताच्या केशवाहिन्या कातडीच्या अगदी वरच्या थरापर्यंत आलेल्या असतात. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला की तो एकाच जागी अंग डावीकडे-उजवीकडे डोलवू लागतो, म्हणजे घड्यांलगतचे शिळे पाणी हटून ताजे येते. फुप्फुसे त्याला आहेत, पण श्वासासाठी त्यांचा उपयोग नावापुरताच. जगातल्या सुमारे आठशे सॅलमँडर प्रजातींपैकी निम्म्याहून बऱ्याच अधिक प्रजातींना तर फुप्फुसेच नाहीत. त्याचे एक जुने स्पष्टीकरण असे की हवेने भरलेले फुप्फुस वेगवान ओढ्यात प्राण्याला वर तरंगवते आणि तरंगला की तो वाहून जातो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या डोंगरी झऱ्यांत राहणाऱ्या आणखी एका गटाची फुप्फुसे इवलीशी उरली आहेत. हे सॅलमँडर पाण्याच्या तुषारांनी भिजणाऱ्या दगडांच्या फटी सोडून फारसे कुठे जात नाहीत आणि त्यांची अंडी गार पाण्यात उबायला सात महिन्यांहून अधिक काळ घेतात. आपल्याकडे सात महिने अखंड वाहणारे गार पाणी शोधून दाखवावे!

गारव्याखेरीज दुसरेही एक कारण आहे, भूगोलाचे. सॅलमँडरचे मूळ उत्तरेकडच्या प्राचीन भूखंडात. भारताचा तुकडा दक्षिणेकडून, आफ्रिका आणि मादागास्करपासून सुटून आला आणि सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. येताना त्याने बेडूक आणि देवगांडुळे (गांडुळासारखे दिसणारे, पाय नसलेले उभयचर) आणली. सॅलमँडर त्याच्याबरोबर नव्हतेच. नंतर पूर्वेकडून जे आले ते पूर्व हिमालयाच्या आणि मणिपूरच्या डोंगरांतच थांबले. खाली उष्ण मैदान होते.

आता जपानी महाकाय सॅलमँडरविषयी. त्याच्या पाहणीतून ओढ्यातल्या जगण्याचे बारकावे सर्वांत स्वच्छ दिसतात. लांबी दीड मीटरपर्यंत, वजन २५ किलोपर्यंत. यापेक्षा मोठा फक्त त्याचा चिनी भाऊबंद, जो १.८ मीटरपर्यंत वाढतो. रंग ओढ्याच्या तळाचा: तपकिरी, त्यावर काळे डाग. डोके रुंद आणि चपटे, डोळे मण्याएवढे आणि पापणीविना. नजर अगदीच बेताची, पण माशांप्रमाणे डोक्यावर आणि कुशींवर पाण्याची हालचाल टिपणाऱ्या संवेदी पेशींच्या रांगा आहेत. रात्री तो प्रवाहाकडे तोंड करून तळाशी पसरून राहतो. मासा किंवा खेकडा तोंडाजवळ आला की खालचा जबडा झटक्यात खाली पडतो आणि पाणी सावजासकट आत ओढले जाते. विशेष म्हणजे जबड्याची एकच बाजू खाली पाडणेही त्याला जमते. सावज डावीकडे असेल तर डावी, उजवीकडे असेल तर उजवी. मान वळवण्याचे कष्ट नाहीत. खाणे मिळाले नाही तर कित्येक आठवडे उपाशी काढतो, कारण गार पाण्यात त्याचा खर्चच कमी. हाताळले तर अंगातून पांढरा चिकट स्राव सोडतो. त्याला सांशो या जपानी मसाल्याचा वास येतो, म्हणजे आपल्या तिरफळाच्याच कुळातला. आणि चावला तर जखम खोल होते. ‘पूर्ण निरुपद्रवी’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अमेरिकेतल्या खरखरीत कातडीच्या एका छोट्या सॅलमँडरच्या अंगात तर फुगा माशात असते तेच टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष असते; तो गिळला तर माणूस दगावू शकतो.

वीण ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरात. काठाच्या मातीत, पाण्याखाली तोंड असलेल्या बिळाचा ताबा एक दणकट नर घेतो आणि दुसऱ्या नरांना चावून पिटाळतो. मादी आत येऊन चारशे-पाचशे अंडी घालते, मण्यांच्या माळेसारखी एकमेकांना जोडलेली. बहुतेक सॅलमँडरांत फलन मादीच्या शरीरात होते, इथे मात्र माशांसारखे बाहेर, पाण्यात. एकाच बिळात अनेक माद्यांच्या माळा साठतात. मादी निघून जाते, नर थांबतो. अंड्यांच्या ढिगाच्या मधोमध ऑक्सिजन सर्वांत कमी पोचतो, म्हणून तो शेपटीने पाणी हलवत राहतो आणि डोक्याने-अंगाने माळा ढवळतो. बुरशी धरलेली, मेलेली अंडी तो वेचून खातो. पूर्वी हे पाहून ‘बाप पिल्ले खातो’ असा शेरा मारला जाई. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत तो निवडून खराब अंडीच खाताना दिसला. एका अंड्याची बुरशी शेजारच्यांत पसरू नये, हा त्यातला लाभ. चाळीस-पन्नास दिवसांत पिल्ले बाहेर पडतात, सुमारे तीन सेंटिमीटरची. पण बीळ सोडत नाहीत. जानेवारी ते मार्चच्या सुमारास पाण्यात निघतात आणि तोवर नर दाराशी असतो. पिल्लांचे बाहेरचे कल्ले झडायला चार-पाच वर्षे लागतात, तोवर ती वीस सेंटिमीटरच्या आसपास झालेली असतात. आयुष्य मोठे. जपानात राहिलेल्या झिबोल्ट या जर्मन डॉक्टरने १८३० च्या सुमारास नेदरलँड्सला नेलेला एक प्राणी पन्नासहून अधिक वर्षे जगून १८८१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्यामुळे ओढ्यात मोठे प्राणी दिसतात म्हणून सगळे ठीक आहे, असे समजता येत नाही. वीस वर्षे वीण झाली नसली तरी म्हातारे तिथे असतातच. पाहणीत पिल्ले मिळतात का, हे आधी बघावे लागते.

जपानने १९५२ साली त्याला ‘विशेष नैसर्गिक स्मारक’ असा दर्जा दिला. तरी अडचणी संपल्या नाहीत, आणि त्या आपल्याला ओळखीच्या वाटतील. पहिली बंधाऱ्यांची. विणीच्या आधी प्राणी प्रवाहाविरुद्ध वर सरकतात. मीटरभर उंचीचा सरळसोट सिमेंटचा बंधारा त्यांना चढता येत नाही आणि ते पायथ्याशी अडून राहतात. उपाय म्हणून काही ठिकाणी कडेने खडबडीत उतार किंवा ठेंगण्या पायऱ्या बांधल्या जातात. दुसरी अडचण काठांच्या काँक्रीटची. पूर थोपवायला भिंत बांधली की बिळाला माती उरत नाही. मग भिंतीतच कृत्रिम बिळे ठेवावी लागतात. तिसरी अडचण बाहेरून आणलेल्या भाऊबंदांची. १९७०च्या दशकात खाण्यासाठी चिनी महाकाय सॅलमँडर जपानात आणले गेले. त्यातले काही ओढ्यांत गेले आणि क्योतोच्या कामो नदीत आज मोठ्या प्रमाणावर संकर आढळतो. नुसते पाहून संकर ओळखता येत नाही, जनुकीय चाचणी करावी लागते. खुद्द चीनमध्ये लाखोंच्या संख्येने हे प्राणी मांसासाठी पाळले जातात, पण जंगली ओढ्यांतून ते जवळपास संपले आहेत. शिवाय ज्याला एकच प्रजाती समजत होते त्या प्रत्यक्षात अनेक आहेत, हे २०१८ मध्ये पुढे आले. त्याआधी पाळलेले प्राणी इकडचे तिकडे भरपूर सोडून झाले होते.

अमेरिकेतल्या हेलबेंडरच्या बाबतीत सगळे गणित दगडावर येते. त्याला लागते हात-दीड हात लांबीची, चपटी, जड शिळा, जिच्या खाली प्रवाहाच्या उताराच्या बाजूने शिरता येईल अशी एकच फट असेल. वरच्या अंगाला जंगल तुटले किंवा रस्ता खोदला की पावसात बारीक माती वाहून येते आणि ती फट भरते. पाणी वरून स्वच्छ दिसते, शिळाही जागेवर असते, पण खाली जागा उरत नाही. तिथे आता काँक्रीटच्या विणीच्या पेट्या ठेवतात: आत कोठी, तिला एक अरुंद बोगदा, वर तपासणीसाठी उघडणारे झाकण. बोगद्याचे तोंड प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवायचे आणि पेटी तळात रोवून बाजूंनी गोटे लावायचे, नाहीतर पुरात ती सरकते किंवा उताणी होते. एवढे करूनही तोंडाशी वाळू साचते. शरदात वीण होते, म्हणून त्याआधी प्रत्येक पेटीचे तोंड हाताने मोकळे करावे लागते. एकदा ठेवली आणि विसरली, असे काम हे नव्हे.

हे आम्ही मुद्दाम लिहिले, कारण ओढ्यात दगडांवर दगड रचून फोटो काढण्याची टूम आता चिखलदरा, पचमढीपासून हिमाचलापर्यंत सगळीकडे पोचली आहे. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी डोंगरात राष्ट्रीय उद्यानाला याविरुद्ध जाहीर सूचना द्यावी लागली, कारण हललेल्या दगडांखाली हेलबेंडर चिरडलेले सापडले. आपल्याकडे हेलबेंडर नसला तरी त्याच दगडांखाली खेकडी पिल्ले सांभाळते आणि कित्येक किड्यांच्या अळ्या दगडाच्या खालच्या अंगाला चिकटून असतात. दगड उचललाच तर ज्या बाजूने उचलला त्याच बाजूने, त्याच खाचेत अलगद परत ठेवावा. पाण्यात टाकून देऊ नये. बंधारा घालून पोहण्याचा डोह करण्याची हौस असेल, तर निघताना तो मोडूनच निघावे.

परदेशी ओढ्यांत फिरायला जाणाऱ्यांसाठी आणखी एक काळजी. २०१३ साली नेदरलँड्समधल्या सॅलमँडरांवर एक नवीन बुरशी ओळखली गेली. ती कातडी पोखरते आणि कातडी गेली की या प्राण्याचे काय होते, ते वर लिहिलेच आहे. आशियातून पाळीव प्राण्यांच्या व्यापाराबरोबर ती युरोपात आली असावी, असे मानले जाते. १० ते १५ अंशांत ती सर्वांत जोमाने वाढते, म्हणजे नेमक्या ओढ्यांच्या तापमानात. २०१६ मध्ये अमेरिकेने सॅलमँडरच्या २०१ प्रजातींच्या आयातीवर निर्बंध घातले. एका डोंगरातून दुसऱ्या डोंगरात जाताना बुटांचा चिखल ब्रशने पूर्ण काढावा, बूट आणि जाळी कडक उन्हात ठणठणीत वाळवावी. लहानसहान साहित्य ७० टक्के अल्कोहोलने पुसून मिनिटभर ओले राहू द्यावे. चिखल न काढता वर जंतुनाशक मारले तर उपयोग होत नाही, ते चिखलातच संपते.

राहिला फिशटँक. बाजारात सॅलमँडर म्हणून जो मिळतो तो बहुधा ॲक्सोलोटल: गुलाबी-पांढरा, मानेशी कल्ल्यांचे तुरे. तो मूळ मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोचा, सव्वादोन हजार मीटर उंचीवरच्या तलाव-कालव्यांतला. ओढ्यातला नसला तरी गारवा त्यालाही हवाच: १६ ते १८ अंश. २४ च्या वर पाणी टिकून राहिले की आधी खाणे सोडतो, मग कल्ल्यांची टोके पुढे वळतात, मग अंगावर कापसासारखी बुरशी दिसते. नागपुरात मे महिन्यात बाहेर ४५ आणि घरात ३५-३८ अंश असताना हे जमवायचे कसे? टाकीवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-चार अंश उतरते. जुलैच्या दमट हवेत तेवढेही नाही. बर्फाच्या बाटल्या टाकल्या की तापमान तासाभरात खाली आणि दुपारी पुन्हा वर; हा चढउतार सततच्या उष्णतेइतकाच बाधतो. मत्स्यटाकीचा चिलर घ्यावा लागतो, त्याचे वीजबिल येते आणि वीज गेली की तो थांबतो. कूलरच्या खोलीत भागेल, असे दुकानदार सांगतात. भागत नाही.

आणि चिलर घेतला म्हणजे झाले, असेही नाही. तळाला सुपारीएवढे गोटे घातले की ॲक्सोलोटल ते खाण्याबरोबर गिळतो आणि आतडे अडते. तळ मोकळा ठेवावा किंवा अगदी बारीक वाळू घालावी. सोबत मासे ठेवले की ते कल्ले कुरतडतात. नवीन टाकीत पाणी भरून त्याच दिवशी प्राणी सोडला तर त्याच्याच विष्ठेचा अमोनिया त्याला मारतो. जिवाणू बसून अमोनिया शून्यावर यायला चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. कायद्याचीही बाजू आहे. ॲक्सोलोटल आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे आणि २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याला केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नको झाला म्हणून फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडणे, हा तर सर्वांत वाईट मार्ग. प्राणी उन्हाळा काढणार नाही, पण त्याच्यावरची बुरशी आपल्या बेडकांपर्यंत पोचू शकते.

आणि एखाद्या वाचकाला सातपुड्यात कुठे खरोखरच शेपटीचा, ओल्या कातडीचा, चार पायांचा प्राणी दिसलाच तर? आजवर नोंद नाही म्हणून कधी होणारच नाही, असे जीवशास्त्रात म्हणता येत नाही. तेव्हा प्राणी बाटलीत घालून आणू नये. बंद बाटलीतले पाणी तापते आणि ओळख पटण्याआधी तो मरतो. फोटो चार घ्यावेत: वरून पूर्ण अंग, बाजूने डोके (कानाची जागा दिसेल असे), पुढच्या पायाची बोटे मोजता येतील असा जवळून एक आणि शेवटचा तो ज्या जागी आहे त्या पाण्याचा. फ्लॅश तिरका पडेल असे पाहावे, नाहीतर ओल्या कातडीवर नुसता पांढरा डाग येतो. शेजारी पेन किंवा नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. मोबाइलमध्ये जागेची नोंद चालू असावी. वेळ लिहावी आणि साधा थर्मामीटर असेल तर पाण्याचे तापमान, तेही सावलीत आणि तळाशी धरून, कारण वरचा थर उन्हाने तापलेला असतो. हे सगळे भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या जबलपूर किंवा पुणे इथल्या केंद्राकडे पाठवावे आणि नेमकी जागा त्यांचे उत्तर येईपर्यंत समाजमाध्यमांवर टाकू नये.

– जीवशास्त्राचे काही शिक्षक, नागपूर